जीपमागचं माहेर

आईचा दमा कापसाबरोबर यायचा आणि कापसाबरोबर जायचा. हिंगणघाटला आमचं घर कापसातली सरकी काढणाऱ्या जिनच्या मागच्या गल्लीत होतं. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, जिन सुरू व्हायचा आणि रुईचा बारीक तूस हवेत तरंगायला लागायचा. तुळशीवर तूस, वाळत घातलेल्या लुगड्यावर तूस, दुधाच्या सायीवर तूस. बाकी कुणाला त्याचं काही वाटत नसे. मी तर लहानपणी खिडकीच्या गजांवरचा तूस गोळा करून बाहुलीची गादी भरायची. आई मात्र ते सगळे महिने उशा रचून बसल्या बसल्या झोपायची आणि तिच्या छातीतली शिट्टी आम्हाला शेजारच्या खोलीत ऐकू यायची. होळीच्या सुमारास जिन थंडावला की हीच बाई ताठ उभी राहून पापड लाटायला घ्यायची.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मात्र होळी आली तरी शिट्टी थांबेना. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. औषध देतो, तोंडात ओढायचा पंप देतो, पण हंगामात या बाई त्या गल्लीत राहिल्या तर एखाद्या वर्षी इथवर आणायलाही वेळ मिळणार नाही. बाबांचं भांड्यांचं दुकान होतं. दुकान सोडून जाणार कुठे? नातेवाईक सगळे अशाच कापसाच्या गावांत. राहता राहिले मी. मी एकुलती एक, आणि माझं सासर हिंगणीला. गावाबाहेर शेतातच घर, पलीकडे बोर धरणाचं जंगल, हवा अशी की पाहुणे मुद्दाम दीर्घ श्वास घेऊन दाखवायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, मामंजी नंतर गेले, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मी म्हटलं, चल माझ्याकडे. इथंच घोडं पेंड खात होतं.

आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी आईबापांनी जेवायचं नाही. कन्या दान दिली, आता त्या घरचं अन्न नाही आणि पाणीही नाही. नातवाचं तोंड पाहिलं की बंधन सुटतं. पुष्कळांच्या बाबतीत वर्ष-दोन वर्षांत सुटतं आणि कुणाला त्याची आठवणही राहत नाही. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. आईबाबा मला भेटायला यायचे ते स्वतःचा डबा आणि स्वतःचं पाणी घेऊन. अंगणातल्या कडुनिंबाखाली सतरंजी टाकून जेवायचे, मला लाडू द्यायचे आणि संध्याकाळच्या बसने परत जायचे. माझ्याच अंगणात येऊन सहल करून जायचे म्हणा ना. दरवेळी त्यांच्या डब्याचं झाकण उघडलं की मला गावभर दवंडी पिटल्यासारखं वाटायचं की या घरात मूल नाही. मी रागानं भांडी आपटायची. आई ऐकायची आणि म्हणायची, "भांडे कायले आपटतं व? तुह्या बापानं चांगल्या वजनाचे दिले हायेत."

तोड काढली बाबांनी. वर्ध्याच्या बाहेर रस्त्याचं काम चाललं होतं, तिथे ठेकेदाराच्या इंजिनियरसाठी चाकांवरची खोली उभी होती. आत खाट, खिडकी, चहाचा ओटा. काम पुढे सरकलं की खोलीही पुढे सरकायची. बाबा बसमधून उतरून ती खोली चारी बाजूंनी पाहून आले. घरी येऊन आईला म्हणाले, "जागा जावयाची राहीन, पन घर तुहं. अशी खोली जीपच्या मांगं लावून हिंगणीले नेली तं?"

आईनं लगेच हो म्हटलं नाही. ती अशा बाबतीत वकिलासारखी होती. "ज्याच्या जमिनीवर उभं हाये त्याचं घर का ज्याचं सामान आत हाये त्याचं?" तिनं विचारलं.

"ज्याची चूल आत पेटते त्याचं," बाबा म्हणाले. हा निवाडा आईला पटला. मला तो ऐकूनच संताप आला, पण मी गप्प बसले, कारण तिची छाती त्या वेळीही वाजत होती.

मग खोली निवडण्याचं काम सुरू झालं. ओढायला आमची जीप होती, माझ्या नवऱ्याने जुनी घेतलेली. चढावर तिलाही आईसारखाच दम लागायचा. ठेकेदाराची एक जुनी खोली विकायला होती, पण ती सगळी लोखंडाची. नवऱ्याने तिचा ओढायचा दांडा धरून पाहिला आणि सोडून दिला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर छप्पर टाकावं असं त्याच्या मनात आलं. त्यावर बाबा म्हणाले, "जावई, ट्रॉलीत कापसाची पऱ्हाटी नेतात. तुमच्या सासूचे हाडं नाई नेत." शेवटी वर्ध्यात ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्याकडे नवी, हलकी खोली करायला टाकली. बारीक पाइपचा सांगाडा, आतून प्लायवूड, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, खाली जुन्या मोटारीचा एक्सेल आणि त्याचेच स्प्रिंगचे पाटे. बाबा प्रत्येक पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक करून आवाज ऐकायचे, दुकानात पातेलं ऐकायचे तसंच. त्यांना आत लोखंडी कपाट हवं होतं, जड पितळी कड्या हव्या होत्या. नवरा एकेक गोष्ट काढायला लावायचा. "मामाजी, हे वढाचं हाये मले," तो काकुळतीला येऊन म्हणायचा. छत मात्र आईला ताठ उभं राहता येईल इतकं उंच ठेवलं. खिडक्यांना तूस येऊ नये म्हणून मलमल लावली, जिथं जायचं तिथं तूस नव्हताच तरीही. तयार झाल्यावर नवऱ्याने दांडा एका हाताने ओढला आणि खोली त्याच्यामागे वासरासारखी चालत आली. आम्ही सगळे हसलो. हिंगणघाटला आणली तेव्हा गल्लीतल्या लोकांनी तिला डबा म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं.

आईनं डब्यात जे भरलं ते पाहून माझं हसू गेलं. हंगामभराची कणिक, ज्वारी, तांदूळ, डाळ, तेलाचं पिंप, रॉकेलचा स्टोव्ह. आणि निळा प्लास्टिकचा ड्रम, काठोकाठ पाण्यानं भरलेला. हिंगणघाटचं पाणी. हिंगणीच्या आमच्या विहिरीला बाराही महिने पाणी, आणि ही बाई जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पाणी घेऊन निघाली होती! मी म्हटलं, "दगडही घेऊन घे दोन-चार, आमचे दगडही चालाचे नाई तुले." ती म्हणाली, "वरवंटा घेतला हाये."

सामान लावलं नवऱ्याने, आणि ते लावताना त्याने जे केलं ते आमच्याच भागातला माणूस करणार. त्याला मामंजींनी लहानपणी गाडी भरायला शिकवली होती. बैलगाडी मागे जड झाली तर उलार होते, जू वर उचललं जातं आणि बैलाचा गळा आवळतो. पुढे जड झाली तर सगळा भार बैलाच्या मानेवर. चांगला शेतकरी दोन्ही होऊ देत नाही. गाडी भरल्यावर जू एका बोटावर उचलून पाहायचं, बोटावर तोललं तर बैलाला सुख. मामंजी म्हणे भर पावसातही हे केल्याशिवाय बैल जुंपायचे नाहीत. नवऱ्याने डब्याचं तेच केलं. पुढचं पोतं मागे सरकव, तेलाचं पिंप मागे ने, ड्रम तर मागच्या दाराशीच ठेवलेला, असं करत करत त्याने दांडा एका बोटावर आणला. बाबांना दाखवला. बाबा खूश होऊन म्हणाले, "जावई, तराजूच हाये तुमचा हात."

जिन सुरू व्हायच्या आधी आम्ही निघालो. आईनं पुढे जीपमध्ये बसायचं ठरलं होतं, पण जीपच्या धुरानं वर्ध्यापर्यंत तिची छाती भरून आली. तिला आडवं व्हायचं होतं. म्हणून वर्ध्याला मी आणि ती मागे डब्यात येऊन बसलो. ती खाटेवर, मी खाली तिच्या पायाशी. मलमलीतून थंड हवा येत होती. आईला हे घर आवडलं होतं. ती हात फिरवून प्लायवूड पाहत होती, स्टोव्ह कुठे ठेवायचा ते ठरवत होती. पवनारचा पूल गेला तोवर तिचा श्वासही जरा बसला.

पुढे उतार लागला. जीपनं वेग घेतला आणि डबा हळूच डावीकडे गेला, मग उजवीकडे. आई म्हणाली, "हे काय व, झोका घेऊन राह्यला काय?" मला वाटलं रस्ता खराब आहे. पण झोका वाढत गेला. मागचा ड्रम एकदा या भिंतीला, एकदा त्या भिंतीला आपटायला लागला आणि प्रत्येक वेळी डबा आणखी फेकला जाऊ लागला. मी नवऱ्याच्या नावानं ओरडले, पण माझा आवाज पुढे जायला मार्ग नव्हता. समोरून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. नवऱ्याने ब्रेक मारला, आणि तेच नको होतं. सगळं घर एका कुशीवर वळलं, मी छतावर की भिंतीवर कुठे पडले ते कळलं नाही, आणि वरून हिंगणघाटचं सगळं पाणी आमच्या अंगावर आलं.

डबा रस्त्याच्या कडेच्या हरभऱ्याच्या वावरात आडवा पडला होता. माती मऊ होती म्हणून वाचलो. कणिक आणि पाणी यांचा चिखल झाला होता आणि त्यात आई बसलेली, पांढरी, तोंड उघडं, श्वास नाही. पंप सापडेना. मी कणकेत हात घालून चाचपत होते, रडत होते, देवाला शिव्या देत होते. पंप सापडला तेव्हा तो पदरानं पुसून मी तिच्या तोंडात धरला. एक ओढ, मग आणखी एक. शिट्टी परत आली. त्या शिट्टीचा मला आयुष्यात एवढा आनंद कधी झाला नव्हता.

नवरा आणि बाबा मागचं दार ओढून आले, दोघांचे चेहरे राखेसारखे. आम्ही आईला बाहेर काढून बांधावर बसवलं. ती खूण करून पाणी मागू लागली. माझ्या पिशवीत बाटली होती, सकाळी हिंगणीहून निघताना आमच्या विहिरीची भरून घेतलेली. मी झाकण काढून तिच्या ओठाला लावली. तिनं बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

वावरात एक बाई निंदत होती, ती धावत आली होती. आईनं तिच्या कळशीकडे बोट दाखवलं. त्या अनोळखी बाईनं ओंजळीत पाणी ओतलं आणि आई घटाघटा प्यायली.

माझं डोकं फिरलं. नवरा, बाबा, जमलेली माणसं, कुणाचीही पर्वा न करता मी ओरडले, "तुहा जीव चालला होता आत्ता! त्या बाईचं पानी चालते अन् माह्यं नाई चालत? मी कोन हाओ तुही?"

आई दम खात होती. नुसतं म्हणाली, "रागावू नको व, बाई." आणि कणकेनं माखलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. मी तो झटकून टाकला.

जमलेल्या लोकांनी डबा उभा करून दिला. पत्रा चेपला होता, एक खिडकी गेली होती, पण चाकं शाबूत होती. ड्रम फुटला होता. आम्ही रांगत रांगत हिंगणीला पोचलो. कडुनिंबाखाली चाकांना विटा लावल्या, दांड्याखाली जॅक लावला आणि आई तिच्या घरात राहायला लागली.

नवरा मात्र कित्येक दिवस, संध्याकाळी आई कडुनिंबाखाली बसली की, विटा काढून आणि सामान उतरवून रिकामा डबा जीपला लावायचा आणि धरणाच्या रस्त्यावर जायचा. पोती कधी मागे टाकायचा, कधी मध्ये, कधी पुढे. एक दिवस परत आला तेव्हा त्याचा चेहरा मोकळा झाला होता. आईच्या दारात उभा राहून म्हणाला, "आई, माह्या बापानं शिकवलं ते बैलाचं होतं. बैलाले मान असते, म्हून आपन भार नाई टाकत. जीपले कोठं मान हाये? याचा दांडा दाबून बसला पाह्यजे तिच्यावर. भार नाई टाकला तं हे मोकाट सुटते." मग म्हणाला, "मी दया दाखवाले गेलो अन् तुमाले मारत होतो."

मी तिथेच भाजी निवडत होते. मी आईला म्हटलं, "आयकलं? भार नाई टाकला तं काय होते ते?"

"मी काय डबा हाओ?" आई म्हणाली आणि हसली. मी हसले नाही.

पाण्याचा प्रश्न उरलाच. ड्रम फुटला होता आणि नवरा पुन्हा ड्रम न्यायला तयार नव्हता. आईनं पुन्हा वकिली केली. गावाच्या वळणावर सरकारी हातपंप होता. तो कुणाच्या जावयाचा नाही. म्हणजे ते पाणी चालेल. आता ते आणणार कोण? आईला पंप हाणवत नव्हता. मग मीच घागर कमरेवर घेऊन स्वतःच्या भरलेल्या विहिरीवरून रोज पंपावर जायची. बाया विचारायच्या, "विहीर आटली काय व तुमची?" मी म्हणायची, "हो, आटली." आणखी काय सांगणार?

तो हंगाम गेला, पुढचा आला, मग त्याच्या पुढचा. दरवर्षी दिवाळीच्या आधी डबा हिंगणघाटला जायचा आणि आईला घेऊन यायचा. कणकेचे डबे, ज्वारी, स्टोव्ह, सगळं आता दांड्याकडे, पुढे. कधी पुन्हा झोका आला नाही, तरी आई आता धूर सोसून जीपमध्येच बसायची. आईची छाती मोकळी झाली, ती कडुनिंबाखाली बसून दाणे फोडू लागली, गावातल्या बायांशी गप्पा मारू लागली. सावंगीचे डॉक्टर तपासून म्हणाले, जे चाललंय तेच चालू द्या. आणि खरं सांगते, त्या रागातही मला एक सुख मिळालं. माझं माहेर माझ्याच अंगणात आलं होतं. दुपारी मी अंगण ओलांडून जायची आणि आई मला चहा द्यायची. तिच्या स्टोव्हवरचं भरीत, तिच्या हातची भाकर. माहेरचं लेकीच्या घरी जाऊ शकतं, त्याला रीत आड येत नाही, म्हणून रोज एक वाटी भाजी माझ्या घरी यायची. नवरा चिडवायचा, "माहेरी गेलती काय? मंग ओटी भरून आली असशीन." वाटी रिकामी परत पाठवू नये म्हणून मी तिच्यात गुळाचा खडा ठेवायची. आई तो मुंग्यांना टाकायची. आमच्या अंगणातल्या मुंग्या त्या काळात चांगल्या धष्टपुष्ट झाल्या.

नव्या शतकाच्या सुरुवातीला आम्ही दोघं मुलासाठी शेवटचं म्हणून नागपूरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळे कागद पाहिले आणि फार चांगुलपणानं सांगितलं की आता या वाटेनं जाऊ नका. आईला मी हे सांगितलं नाही.

त्याच हिवाळ्यात एक दिवस गावचा हातपंप मोडला. दांडा हाणून हाणून नुसती हवा. मी रिकामी घागर घेऊन परत आले आणि आमच्या विहिरीपाशी उभी राहिले. आई डब्याच्या पायरीवर बसली होती.

"पंप बिघडला," मी म्हटलं. "आता इथलं काढू?"

तिनं हातानंच नको म्हटलं. ते पाहून माझा तोल गेला. "आई, आता कोनाची वाट पाह्यतं तू? नाई होनार. नागपूरच्या बाईनं साफ सांगतलं. कईच नाई होनार. संपलं. आता तरी पे माह्या घरचं!"

"मले मालूम हाये," आई म्हणाली. "तू नागपूरवून आली त्या दिवशी तुह्या चालन्यावून समजलं मले."

"मंग?"

"मंग काय? रीत मोडाले मी भेतो असं वाटलं काय तुले इतके वर्स?" ती थांबली. मोठं बोलताना तिला थांबावं लागायचं. "मी तुह्या घरी जेवली म्हंजे आता काई होत नाई असं मीच म्हनल्यासारखं होईन. सारं गाव म्हनते, म्हनू दे. डॉक्टर म्हनते, म्हनू दे. पन तुही माय हाओ मी. मी कशी म्हनू?"

मी विहिरीच्या कठड्यावर बसले. कितीतरी वर्षं मी त्या जेवणाच्या डब्याच्या झाकणात, त्या निळ्या ड्रमात, त्या वाटीतल्या गुळात माझा अपमान पाहत आले होते. ती मात्र रोज माझ्यासाठी उपाशी राहत होती, तेही पोटभर जेवून. मी घागर उचलली आणि शेजारच्या वाडीच्या पंपावरून पाणी घेऊन आले.

त्यानंतर मी ते पाणी भांडत आणलं नाही. लोकांना वेड वाटलं असतं, मलाही वाटत होतं, पण घागर भरताना मला बरं वाटायचं. आई पिते आहे तोवर दार पुरतं लागलेलं नाही, असं मी स्वतःला सांगायची. डॉक्टरीणबाईंचा कागद कपाटात होता आणि मी पाणी आणत होते. असे दोन-तीन हिवाळे गेले.

शेवटच्या वर्षी आई पावसाळ्यातच खालावली होती. जिन बंद असतानाही छाती वाजायची. बाबाही थकले होते. तरी दसरा झाल्यावर नवरा डबा घेऊन गेला. मी हिंगणीलाच राहिले, कडुनिंबाखालची जागा झाडली, विटा लावून ठेवल्या, घागर घासून पालथी घातली. दुपारी जीप आली. डबा मागे शांत, सरळ चालत होता. नवरा खाली उतरला आणि माझ्याकडे न पाहता दांड्याखाली जॅक लावायला बसला.

मी मागचं दार उघडलं. आत खाट होती, आईच्या कपड्यांचं गाठोडं होतं, तोंडात ओढायचा जादा पंप होता. कणकेचा डबा नव्हता. ज्वारी नव्हती, तांदूळ नव्हता. पुढे दांड्याच्या बाजूला रेतीची दोन पोती बांधलेली होती.

"स्टोव्ह कोठं हाये?" मी विचारलं.

नवरा वर न पाहता म्हणाला, "नको म्हनल्या. काईच घेऊ नको म्हनल्या. समोर भार पाह्यजे म्हून मी रेती टाकली."

बाबा आईला हात देऊन जीपमधून उतरवत होते. ती डब्याकडे वळलीच नाही. हळूहळू, मध्ये मध्ये थांबत अंगण ओलांडून ती माझ्या ओट्यावर आली आणि उंबरठ्याशी थांबली. इतक्या वर्षांत तिनं माझं स्वयंपाकघर पाहिलं नव्हतं. आत येऊन तिनं फळीवरची भांडी पाहिली, एका पितळी गंजाला हात लावून बाबांना म्हणाली, "हा आपल्या दुकानातला." मग ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली. बाबा तिच्या शेजारी बसले.

"वाढ," आई म्हणाली.

ही वेळ मी किती वेळा मनात सजवली होती. पुरण करीन, तूप करीन, रांगोळी काढीन. त्या दिवशी घरात ज्वारीच्या भाकरी होत्या आणि वांग्याची भाजी. ज्याच्यासाठी मी एवढी भांडले ते समोर बसलं होतं आणि मला ते नको होतं.

"काई गोड तरी करतो, थांब," मी म्हटलं.

"नको. जे हाये ते वाढ."

मी ताटं केली, त्यांच्यासमोर ठेवली. मग कोपऱ्यातली घागर उचलली आणि दाराकडे निघाले.

"कोठं चालली?"

"पंपावर. पानी आनतो तुह्यं."

"घरात पानी नाई काय?"

"आई, या वर्षी राहू दे," मी म्हटलं. "अजून एक वर्स राहू दे."

तिनं मान हलवली. "थकली व मी, बाई, वाट पाह्यून. आता तुह्या हातचं खाऊन जाऊ दे मले."

मी घागर खाली ठेवली. माठातून गडू भरला आणि तिच्या हातात दिला. ती सावकाश प्यायली, मध्ये दम घेत, शेवटच्या घोटापर्यंत.

"गोड हाये व," ती म्हणाली. "इतके वर्स सांगतलं काऊन नाई?"

मी रडत रडत तिच्या ताटात भाकर वाढली.